मलमपट्टी करणारा चोर

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी घरफोड्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, दोन खुनांचे पंचनामेही केले. पण ज्या प्रकरणाने मला माझीच लाज वाटायला लावली आणि ज्याच्याबद्दल मी देवाचे रोज आभार मानतो, ते प्रकरण होतं अठ्ठावीस द्राक्षवेलींचं. कोणाचंही नाव घेणार नाही. त्यातली बरीच माणसं हयात आहेत, आणि मला त्यांच्याकडून अजून द्राक्षं मिळतात.

आधी माझी ओळख. जन्म तासगाव तालुक्यातला. आजोबांची दीड एकर द्राक्षबाग होती आणि माझी प्रत्येक सुट्टी तिथे बादल्या वाहण्यात गेली. दहावी झाल्यावर मामांनी अमेरिकेला बोलावून घेतलं. पुढे इंजिनिअर व्हायचं सोडून मी पोलीस झालो, याबद्दल मामांनी मरेपर्यंत मला माफ केलं नाही. सांता क्लाराच्या परिसरातल्या एका लहान शहराच्या पोलीस खात्यात मी डिटेक्टिव्ह होतो. चोरी आणि मालमत्तेचं नुकसान हे माझं टेबल.

२००४ सालचा जानेवारी. सोमवारी सकाळी गस्तीवरच्या शिपायाचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला. गावाच्या वरच्या डोंगरउतारावर एका फ्रेंच विधवेची लहान द्राक्षबाग होती. तिच्या सगळ्यात खालच्या ओळीतल्या वेली कोणीतरी पार कापून काढल्या होत्या. खोडांची साल सोलली होती, त्यांवर रंग फासला होता आणि कापलेल्या काड्या पळवल्या होत्या. रिपोर्टसोबत फोटो होते. ठाण्यातल्या कलर प्रिंटरची शाई संपली होती, म्हणून काळेपांढरे. आमच्या खात्यात ही शाई कायम संपलेलीच असायची.

मी बाईंना भेटायला गेलो. वय सत्तरीच्या पुढे, हातात काठी, कमरेचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेले. उतार उतरून खालच्या ओळीपर्यंत जाणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनीही फोटोच पाहिले होते. मीही खाली गेलो नाही. पाऊस पडून गेला होता, चिखल होता आणि माझे बूट नवे होते. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचं सगळं रामायण त्या बुटांमुळे घडलं.

बाईंनी व्हरांड्यात बसून मला आपल्या वाइनची कुळकथा सांगितली. त्यांचं माहेर फ्रान्समधल्या बोर्डो प्रांतातलं. समुद्राला मिळणाऱ्या एका रुंद खाडीच्या डाव्या काठावर, गोट्यागोट्यांच्या जमिनीत वडिलांची बाग. तिथली लाल वाइन एका जातीच्या द्राक्षाची नसते, चार-पाच जातींची मिळून करतात. मी विचारलं, “असं का? एकच चांगली जात लावली तर?”

त्या हसल्या. “आमच्याकडे समुद्र ठरवतो, माणूस नाही. कॅबर्ने उशिरा पिकतं, मर्लो लवकर. वसंतात कडाका पडला तर लवकर फुलणारी जळते, शरदात पाऊस आला तर उशिरा पिकणारी सडते. दोन्ही लावली की एक तरी घर सांभाळते. ही हौस नाही, ऑफिसर. हा भित्र्या शेतकऱ्याचा शहाणपणा आहे.”

मला आजोबांची ज्वारी आठवली. ज्वारीत ते तुरीच्या ओळी टाकायचेच. पाऊस दगा देईल तेव्हा तूर हात देईल, हा हिशेब. बोर्डोचे वाइनवाले आणि आमचे आजोबा एकाच शाळेत शिकलेले दिसले.

“आणि ही खालची ओळ?”

“ती पेती वेर्दो. फार उशिरा पिकते. पिंपात घालायची ती अगदी थोडी. पण तिच्याशिवाय रंगाला खोली येत नाही.”

आमटीतल्या हिंगासारखं, हे मी मनात म्हटलं. बाई मात्र पुढे वेगळंच सांगू लागल्या. त्या वेली त्यांनी लग्नानंतर वडिलांच्या बागेतून काडीने आणलेल्या होत्या. “कशा आणल्या ते विचारू नका, तुम्ही पोलीस आहात,” त्या म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. वडिलांची बाग कधीच विकली गेली होती. माहेर म्हणून जे काही उरलं होतं, ते त्या अठ्ठावीस वेलींत होतं.

आधी संशय गेला तो द्वेषाच्या गुन्ह्याकडे. आदल्या वर्षी इराकच्या युद्धावरून फ्रान्स आणि अमेरिकेचं बिनसलं होतं. फ्रेंच वाइन गटारात ओतणारे बहाद्दर टीव्हीवर दिसले होते. बाईंच्या टपालपेटीतही एकदा घाणेरडी चिठ्ठी आली होती. पण मंगळवारी ठाण्यात एक निनावी फोन आला आणि तपासाची दिशा बदलली. फोन करणाऱ्याने सांगितलं की आदल्या आठवड्यात सकाळी फिरायला गेलो असताना बागेच्या कडेच्या पायवाटेवरून एक सावळा माणूस खाली उतरताना दिसला, डोक्यावर लोकरी टोपी, खांद्यावर पोतं.

सावळा म्हटल्यावर फाइलमध्ये एकच माणूस होता. म्हणजे, मी सोडून. तो बाईंचा मुकादम, मेक्सिकोहून आलेला, अठरा वर्षं त्याच बागेत काम करणारा. लोकरी टोपी तो घालायचा. कोणती ओळ बाईंच्या जिवाची आहे हे त्याला ठाऊक होतं. शिवाय पंधरा दिवसांपूर्वी दोघांचं छाटणीवरून भांडण झालं होतं. बाई छाटणी फेब्रुवारीच्या अखेरीस करायच्या, त्याला ती लवकर हवी होती. आणि फोटोत दिसत होतं की कापणारा हात सरावाचा आहे. सगळं कसं चपखल बसलं. एवढं चपखल बसतं तेव्हा अधिकाऱ्याने खुर्चीतून उठून एक चक्कर मारून यावं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

मुकादमाला चौकशीसाठी बोलावलं. हक्क वाचून दाखवले, स्पॅनिश जाणणारा सहकारी दुभाष्या म्हणून बसवला. पन्नाशीचा माणूस, धुतलेला शर्ट घालून आला होता. त्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज अखेरच्या टप्प्यात होता, मुलाखत तीन आठवड्यांवर. चोरी आणि नासधुशीचा आरोप लागला असता तर कार्ड गेलं असतं, आणि कदाचित बायको-मुलांना इथे ठेवून त्याला सीमेपलीकडे जावं लागलं असतं. हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि मी ते दडपण म्हणून वापरलं.

“रंग कुठून आणलास?” मी विचारलं.

“तो रंग नाही,” तो म्हणाला. “औषध आहे. तांब्याचं.”

“तुला कसं माहीत?”

“मी वेली सांभाळतो. मला माहीत नसेल तर कोणाला?”

मी वहीत लिहिलं: आरोपीला गुन्ह्याच्या साहित्याची माहिती आहे. पुढे त्याने आणखी एक वाक्य सांगितलं. दुभाष्याने ते दोनदा सांगितलं, कारण मी पहिल्यांदा नीट ऐकलं नव्हतं. “मी हे केलं नाही. पण ज्याने केलं, त्याला वेलींचा राग नव्हता.”

तेही मी लिहून घेतलं आणि पान उलटलं. लोक चौकशीत काय काय बोलतात. अनुभवाने माणूस शहाणा होतो म्हणतात. माझ्या बाबतीत अनुभवाने कानात बोळे घातले होते.

लेफ्टनंटसाहेबांना शुक्रवारपर्यंत अटक हवी होती. बाईंनी मुकादमाला कामावर येऊ नको असं कळवलं होतं. अठरा वर्षांच्या माणसाला फोनवर. गुरुवारी सकाळी मी अटकेचे कागद तयार केले आणि पाहिलं तर सरकारी वकिलांच्या फॉर्मला घटनास्थळाचा नकाशा जोडायचा होता. नकाशा नव्हता. चरफडत मी जुने बूट घातले, टेप घेतला आणि डोंगरावर गेलो.

खालच्या ओळीपाशी पोहोचलो आणि माझ्या हातातला टेप तसाच राहिला.

प्रत्येक काप निळा होता. मोरचुदाचा तो आकाशी निळा, चुन्यात कालवलेला, बोटभर जाड. काळ्यापांढऱ्या फोटोत जो फासलेला रंग दिसत होता, तो माझ्या आजोबांच्या बादलीतला रंग होता. आमच्याकडे त्याला बोर्डो म्हणतात. मोरचूद आणि चुना कालवून छाटणीनंतर कापांना आणि खोडाला लावायचा, म्हणजे बुरशी शिरत नाही. खोडाची सुटलेली साल आधी हाताने सोलायची, तिच्याखाली पिठ्या ढेकूण नावाची कीड लपते म्हणून. लहानपणी तीन उन्हाळे मी हेच केलं होतं. नखांतला निळा रंग शाळा सुरू झाली तरी जायचा नाही. आणि फाइलवर मी चार दिवस बोर्डो, बोर्डो लिहीत होतो, पण ते प्रांताचं नाव म्हणून. आजोबांची बादली काही आठवली नव्हती.

मी चिखलात उकिडवा बसलो. साल सुरीने ओरबाडलेली नव्हती, हलक्या हाताने काढलेली होती. एकही काप बिनमलमाचा नव्हता. हात तोडायला आलेला माणूस तो तोडल्यावर बँडेज बांधत बसतो का? ज्याने केलं त्याला वेलींचा राग नव्हता. मुकादमाने मला उत्तर कधीच दिलं होतं.

आता कोण, हे शोधायला अर्धा तास पुरला. पायवाट खाली जिथे संपते, तिथे मोठी अपार्टमेंट्स होती. पुण्या-मुंबईची, नागपूरची पोरं तिथे राहायची. आणि त्यांचे आईवडील सहा महिन्यांच्या व्हिसावर येऊन, मुलं कामावर गेली की, समोरच्या बागेतल्या बाकांवर बसायचे. साडीवर स्वेटर, स्वेटरवर मुलाचं जाकीट, पायांत पांढरे बूट. पुरुषांच्या डोक्यावर कानटोपी. लोकरी टोपी!

मी साध्या वेशात होतो. नमस्कार केला. मराठी ऐकल्यावर चहा सोडून सगळं मिळालं. गाव कोणतं, पगार किती, बायको कुठली, इथली की तिथली. मी म्हटलं, “काका, माझ्या परसात एक द्राक्षाचा वेल आहे. पानांवर पांढरी भुरी फार येते. काय करावं?”

कोणी वेल काढून टाक म्हणालं, कोणी नेटवर बघ म्हणालं. टोकाच्या बाकावर सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ गप्प बसले होते. त्यांना राहवेना.

“छाटणी कधी घेतलीस?”

“नाही घेतली.”

“मग भुरी यील न्हाई तर काय लक्ष्मी यील? आधी छाट. साल काढ. बोर्डो लाव. गंधक मागनं.”

शेतकरी एक वेळ पैसा लपवील, दुखणं लपवील. पण पिकाबद्दल कोणी चुकीचं बोललं की तो गप्प राहू शकत नाही. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला निळं होतं.

त्यांना बाजूला घेऊन मी ओळखपत्र दाखवलं आणि विचारलं, “काका, वरच्या बागेतली शेवटची ओळ तुम्ही छाटली?”

“व्हय,” ते म्हणाले, आणि आवाजात चक्क अभिमान होता. “आरं, कुणी तरी बघायला नको? जानेवारी म्हयना. आपल्याकडं बाग घडांनी वाकलेली असती. आन हितं पान न्हाई, घड न्हाई, नुसत्या काट्या. रोज बघत हुतो. म्हटलं, मालक मेला असंल, पोरांनी सोडून दिली बाग. खोडं जुनी, कसदार. मरू द्यायची का? रोज सकाळी दोन-तीन करत गेलो. वरच्या वळीबी घेणार हुतो, पण बोर्डो संपला.”

मला हसावं की रडावं कळेना. सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदाराने आयुष्यात कधी झोपलेली बाग पाहिलेली नसते. आपल्याकडे थंडी वेलीला झोपवत नाही. इथे थंडीत प्रत्येक वेल पानं टाकून निजते आणि वसंतात उठते, म्हणून छाटणीपर्यंत खालच्या ओळीकडे कोणी फिरकतही नाही. काकांनी निजलेल्या वेलींना मरणपंथाला लागलेल्या समजून आपल्याकडे एप्रिलात करतात ती खोल खरड छाटणी केली होती. मोरचूद मुलाने हार्डवेअरच्या दुकानातून आणून दिलं होतं, गॅलरीतल्या कुंड्यांसाठी लागतं असं समजून.

“आणि काड्या?”

“घरात हायत. जात चांगली दिसली. वाया कशाला घालवायच्या?”

मी सांगितलं की मालकीण जिवंत आहे, वेलीही जिवंत होत्या आणि या सगळ्यापायी उद्या एका दुसऱ्याच माणसाला अटक होणार आहे. त्याचे कागद माझ्या टेबलावर आहेत. काकांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, “चल. सही कुठं करायची?”

मुलाला फोन करणं भाग होतं. तो ऑफिसमधून धावत ठाण्यात आला. “सर, प्लीज! बाबा काही स्टेटमेंट देणार नाहीत. मी लॉयर अरेंज करतो. त्यांचा व्हिजिटर व्हिसा आहे, माझी ग्रीन कार्ड प्रोसेस चालू आहे यार, सगळं कॅन्सल होईल!” मुलगा वाईट नव्हता. घाबरला होता, आणि त्याचा सल्ला कायद्याने बरोबर होता. मी काकांना त्यांचे हक्क मराठीत सांगितले. त्या ठाण्यात ते मराठीत बहुधा पहिल्यांदाच उच्चारले गेले असतील. तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे, वकील येईपर्यंत थांबता येईल.

“गप्प कशाला राहू?” काका म्हणाले. मग मुलाकडे वळले. “तुजं कार्ड हाय, तसंच त्या गड्याचंबी कार्ड हाय. तो अठरा वर्सं दुसऱ्याची बाग राखतोय. माज्या कात्रीपायी त्याला घालवू व्हय?”

मुलगा खाली बसला. मग स्वतःच म्हणाला, “लिहा, सर. बाबा सांगतील ते लिहा.” त्या मुलाचे आभार मानायचे राहून गेले होते, ते इथे मानतो.

दुपारी आम्ही सगळे बागेत गेलो. मी मुकादमालाही बोलावून घेतलं होतं. काकांच्या मुलाने गाडीतून बासमती तांदळाचं ओलं पोतं काढलं. आत त्या काड्या होत्या, मोजून, सुतळीने जुड्या बांधलेल्या, खालचा काप सरळ आणि वरचा तिरका, म्हणजे लावताना उलटी होऊ नये. मुकादमाने एक जुडी उचलली, फिरवून पाहिली आणि खाली ठेवली नाही.

बाई हट्टाने खाली उतरल्या. एका हातात काठी, दुसरा हात मुकादमाच्या खांद्यावर. सवयीने त्यांनी त्याचाच खांदा धरला, आणि धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण यालाच कामावर येऊ नको म्हटलं होतं. त्या थांबल्या. तो हलला नाही, खांदा तसाच ठेवला.

ओळीपाशी येऊन त्यांनी त्या निळ्या थराला बोट लावलं. “माझ्या वडिलांचे हात असे असायचे,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलेली गोष्ट मी तेव्हाच वहीत टिपून ठेवली. हे औषध त्यांच्याच प्रांतात जन्मलं. फार पूर्वी तिथे रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारेजाणारे तोडून नेत. म्हणून शेतकरी कडेच्या ओळींवर मोरचूद-चुना शिंपडायचे. निळं, कडू, विषारी दिसणारं. चोर दूर राहायचे. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं की रोग आला तरी त्याच ओळी वाचतात. “चोरांसाठी लावलेलं औषध आहे हे, ऑफिसर. आणि तुम्ही त्यावरून चोर पकडलात.”

हे मी काकांना मराठीत सांगितलं. ते कानटोपी काढून उभे होते. “बाईस्नी सांग, माजी चूक झाली. इचारायला पायजे हुतं. पर बोर्डो त्येंच्या गावचा, हे म्हाईत असतं तर आणखी जाड लावला असता.”

बाई हसता हसता रडल्या. मग रडणं थांबवून त्यांनी काकांना फ्रेंचमध्ये चांगलं फैलावर घेतलं, इतकं खोल कापल्याबद्दल. यंदा या ओळीला फळ येणार नाही, हे त्यांना कळत होतं. काकांना एक शब्द कळला नाही, पण ते मान खाली घालून प्रत्येक वाक्याला हो म्हणत होते.

तक्रार त्यांनी तिथेच मागे घेतली. मी सरकारी वकिलांना कळवलं, फाइल बंद केली. मुकादमाची माफी मी ठाण्यात, लेफ्टनंटसाहेबांसमोर मागितली. तो म्हणाला, “तुम्ही परत येऊन बघितलंत. बरेच जण बघत नाहीत.” एवढंच. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर माझं ओझं कमी झालं असतं. तीन आठवड्यांनी त्याची मुलाखत झाली आणि त्याला कार्ड मिळालं. त्या दिवशी मी ऑफिसच्या स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं, कारण डोळे बरे दिसत नव्हते.

एप्रिलमध्ये अठ्ठावीसपैकी सव्वीस वेली फुटल्या. उरलेल्या दोन जागी मुकादमाने पोत्यातल्याच काड्या लावल्या. काका परत जाण्याआधी दोघे रोज सकाळी बागेत भेटायचे. एक स्पॅनिश बोलायचा, एक तासगावी, आणि त्यांचं कधी अडलं नाही. त्या वर्षीची बाईंची वाइन पेती वेर्दोशिवाय, चारच जातींची निघाली. बाईंनी मला एक बाटली दिली. मी चहावाला माणूस, एक घोट घेतला आणि तज्ज्ञासारखी मान हलवली. बाकीची बायकोने पाहुण्यांना पाजली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? नंतर हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी एकच गोष्ट सांगत आलो: घटनास्थळ स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय माणसाला खुर्चीत बसवू नका, आणि नवे बूट ठाण्यात घालून येऊ नका. पण खरं सांगायचं तर मी शिकलो त्यापेक्षा मला मिळालं जास्त. एक निरपराध माणूस माझ्या हातून उद्ध्वस्त व्हायचा होता, तो वाचला. तो मी वाचवला नाही. आजोबांच्या बादलीने वाचवला, नकाशा मागणाऱ्या एका सरकारी फॉर्मने वाचवला, आणि ज्याला पळून जाता येत होतं त्या म्हाताऱ्याने वाचवला.

चार वर्षांनी जानेवारीत सहज त्या पायवाटेने गेलो. खालच्या ओळीची खोडं निळी होती, सगळीच्या सगळी. मुकादम बादली आणि कुंचला घेऊन उभा होता. मी म्हटलं, “अजून लावता? चोर येतात का इकडे?”

त्याने कुंचला बादलीच्या काठावर निथळवला.

“चोरांसाठी नाही,” तो म्हणाला. “पोलिसांसाठी.” आणि मग हसत हसत त्याने मला ती सगळी ओळ फिरवून दाखवली.